कणीक मळायचं यंत्र: सहा महिन्यांच्या वापरानंतर

कोथरूडमध्ये आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. माझ्यासोबत चौघी काम करतात. रोज सकाळी साडेचारशे घडीच्या पोळ्या लागतात, म्हणजे १५ किलो पीठ. साडेदहाला डबे बाहेर पडलेच पाहिजेत. नोव्हेंबरपर्यंत त्याची सगळी कणीक हाताने तिंबली जायची. दोघी जणी पहाटे साडेपाचला परातीपुढे बसायच्या आणि पावणेसातला उठायच्या. त्यातल्या मावशींना हे काम करून १९ वर्षं झाली. दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा वर जाईना, तेव्हा मी बोहरी आळीत जाऊन यंत्र बघितलं आणि आठवड्याभरात घेतलं. मोटरीसकट २६,५०० रुपये पडले.

दुकानदाराने '१० किलोचं' सांगितलं होतं. हे १० किलो पिठाचे नाहीत, भिजलेल्या कणकेचे आहेत. पाच किलो पीठ आणि त्याला लागणारं सव्वातीन लिटर पाणी धरलं की आठ किलोच्या वर जातं. त्याहून जास्त घातलं तर वरची कणीक नुसती फिरत राहते, मळली जात नाही. म्हणून आम्ही पाच-पाच किलोचे तीन घाणे करतो. घ्यायला जाल तेव्हा हा प्रश्न आधी विचारा.

पहिले दहा दिवस पोळ्या वातड झाल्या. दुपारी तीन ऑफिसांतून फोन आले, एका आजोबांनी डबाच बंद केला. मावशी म्हणाल्या, "ताई, मशीन कणीक मारतंय." मला वाटलं, नवीन गोष्ट त्यांच्या पचनी पडत नाहीये. तिथेच मी चुकले. पीठ नीट मिळून यावं म्हणून मी यंत्र पंधरा-पंधरा मिनिटं चालवत होते. कणीक गरम व्हायची आणि लाटताना रबरासारखी मागे यायची. वर मळणं लवकर होतं म्हणून मी सुरुवातच सहा वाजता केली आणि पहिला घाणा निघाला की लगेच लाटायला घ्यायला लावलं. हाताने मळताना पहिली परात झाकून ठेवून दुसरी व्हायची, तेवढ्यात पहिली आपोआप मुरायची. तो अर्धा तास कुणी मुद्दाम ठेवला नव्हता, पण पोळीचा मऊपणा त्यातच होता. यंत्र आणलं आणि मी नेमका तोच कापून टाकला.

मग मी आणि मावशींनी एक वही केली. पाणी किती, मिनिटं किती, पोळी दुपारी दोनला कशी. दोनला म्हणजे दोनलाच, कारण गिऱ्हाईक तेव्हा जेवतं, तव्यावरून उतरल्यावर नाही. पंधरा दिवसांत उत्तर सापडलं: किलोला ६५० मिली पाणी, तेही दोनदा घालायचं, आठ मिनिटं मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. हे माप आमच्या लोकवन गव्हाचं, गिरणीतून दळून आणलेल्या पिठाचं. जात्याच्या दगडाखाली पिठातला स्टार्च जास्त तुटतो, म्हणून ते पाणी जास्त पितं. तयार पाकिटाला हे माप चालेलच असं नाही. दळण गिरणीतून येतं तेव्हा गरम असतं, ते आदल्या संध्याकाळी पसरून गार करतो. एप्रिलमध्ये नव्या गव्हाचं पीठ आलं तेव्हा किलोमागे ३० मिली पाणी कमी लागलं. ते मावशींना हात लावताच कळलं, वहीत नंतर चढलं.

आता वेळेबद्दल, कारण यंत्र घेणारे बहुतेक जण त्यासाठीच घेतात. मळायचा वेळ सव्वा तासावरून ४० मिनिटांवर आला. तरी डबे महिनाभर साडेदहालाच निघत होते! मला याचं फार कोडं पडलं. शेवटी घड्याळ घेऊन उभी राहिले. एका पोळीला पाऊण मिनिट आणि तवे दोन. साडेचारशे पोळ्यांना पावणेतीन तास लागणारच, कणीक कितीही लवकर तयार होवो. आमचं काम तव्यापाशी अडत होतं. जानेवारीत तिसरी शेगडी घेतली, ३,२०० रुपयांची. कणीक मुरते त्या अर्ध्या तासात चौघीही भाजी चिरायला बसतात, म्हणून पुढे एक जण भाजीतून सुटते आणि तिसऱ्या तव्यावर उभी राहते. पोळ्या आता दोन तासांच्या आत होतात आणि पावणेदहाला डबे तयार असतात. यंत्राशिवाय हे जमलं नसतं, पण नुसत्या यंत्राने अजिबात जमलं नव्हतं.

माझी आई लिज्जतचे पापड लाटायची. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं ते काम. आई सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ डब्यात घेऊन यायची, घरी लाटायची आणि दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यायची. भिजवणं एका जागी आणि एका मापाचं, लाटणं ज्याच्या त्याच्या हाताचं. ही वाटणी मी लहानपणापासून बघत होते, स्वतःच्या केंद्रात आणायला मात्र एवढी वर्षं घेतली.

यंत्राच्या उणिवा सांगायलाच हव्यात. झाकणाची जाळी उघडली तरी मोटर बंद होत नाही. पदर, बांगडी, बोटं, काहीही अडकू शकतं. मी इलेक्ट्रिशियनकडून जाळीलाच स्विच बसवून घेतला, ४५० रुपये लागले. तो बसेपर्यंत कुणालाही यंत्राला हात लावू दिला नाही. विकत घेताना हा स्विच कंपनीचाच आहे का ते बघा. अर्थिंगही तपासून घ्या, हात कायम ओले असतात. मधल्या दांड्याच्या बुडाशी कणीक अडकून बसते. रोज लाकडी उलथण्याने काढावी लागते, नाहीतर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. धुवायला बारा मिनिटं. चौथ्या महिन्यात पट्टा सैल झाला होता, तो ताणून घेतला. वीज फारशी लागत नाही. एक हॉर्सपॉवरची मोटर दिवसाला अर्धा तासही चालत नाही, अर्धा युनिटसुद्धा होत नाही.

रोजचं पीठ पाच किलोच्या आत असेल तर हे यंत्र घेऊ नका. दोन किलो घातलं तर तळाशी चिकटून राहतं. आमच्याएवढं काम असेल तर जरूर घ्या. मावशींचा खांदा फेब्रुवारीपासून बरा आहे, माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

होळीला तीनशे पुरणपोळ्यांची ऑर्डर होती. पुरणपोळीची कणीक सैल आणि तेलात मुरलेली लागते, यंत्रात ती भांड्यालाच लपेटून बसली. मावशींनी यंत्र बंद केलं, परात खाली घेतली आणि म्हणाल्या, "ही मी करते ताई, थोडीच तर आहे." पुरणपोळीची कणीक आता त्याच हाताने मळतात, पण रोजच्या घाण्यावरही त्याच उभ्या असतात. पातं जड फिरू लागलं की आवाज बदलतो म्हणतात, आणि घड्याळात आठ मिनिटं व्हायच्या आधीच बटण बंद करतात.