पद्मिनीचे नट-बोल्ट: स्प्रे, ब्लॅकोडायझिंग की झिंक?

प्रीमियर पद्मिनीसारखी जुनी गाडी पूर्ण खोलली की सगळे बॉडीच्या रंगावर चर्चा करतात, पण जीव खातात ते बारके लोखंडी पार्ट. दाराच्या बिजागऱ्या, बॉनेटचं लॉक, बॅटरीची पट्टी, ब्रॅकेट आणि घमेलंभर नट-बोल्ट. गंज काढायचं कसं ते इथे सांगत बसत नाही, वायर ब्रश आणि लिंबूसत्त्वाचं पाणी सगळ्यांनाच माहीत आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे, की लोखंड पांढरं स्वच्छ निघालं, आता त्याच्यावर काय चढवायचं.

आमच्या जळगावकडे पहिला सल्ला मिळतो तो असा की एवढ्या कोरड्या मुलखात गंज चढतोच कुठे, आमचे काका तर सरळ म्हणाले, "कसाले इतला खटाटोप करी ऱ्हायना रे भाऊ". उन्हाळ्यात ४५ डिग्रीत ते पटतंही. पण पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवा आणि मग बघा, आत दमट हवा कोंडते आणि उघडं लोखंड लाल व्हायला वेळ लागत नाही.

सिल्व्हर स्प्रे किंवा वरून क्लिअर लॅकर हा सगळ्यात सोपा मार्ग, घरच्या घरी होतो, कुणाच्या मागे लागावं लागत नाही, आणि गंजाने पडलेले खड्डे प्रायमर-रंगाखाली बऱ्यापैकी झाकले जातात. ब्रॅकेट, पट्ट्या, जे एकदा बसवलं की हलत नाही, त्याला मी आजही रंगच मारीन. उघड्या लोखंडावर नुसतं लॅकर मात्र नको, कडेने ओल शिरली की त्याच्याखाली गंजाच्या बारीक रेघा सरपटत जातात आणि वरून पुसताही येत नाहीत.

बोल्टचं दुखणं वेगळं. दार बसवताना फट जुळवायची म्हणजे बिजागरीचे बोल्ट सैल करा, दार उचला, कसा, बंद करून बघा, मागची फट बरी झाली तर खालची बिघडलेली, परत सैल करा. दरवेळी पाना बसला की बोल्टच्या डोक्याच्या सहाही कोपऱ्यांवरचा रंग टवका होऊन उडतो. मग ब्रशने टचअप, ते वाळेपर्यंत थांबा, तोवर कुणीतरी येऊन म्हणतं दार अजून थोडं वर पाहिजे. आणि गंज नेमका त्याच कोपऱ्यांवर दिसतो, नव्या कोऱ्या रंगाच्या दाराशेजारी, दार उघडलं की पहिली नजर तिथेच. खरं सांगू, माझा निकाल इथेच लागला, बाकीचे मुद्दे नंतर आले.

ब्लॅकोडायझिंग, म्हणजे रसायनात बुडवून लोखंडावर काळा थर आणणं, दिसायला मला फार आवडतं, काळं, गंभीर. थर जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे आटे अजिबात भरत नाहीत, नट हाताने फिरतो. पण गंजापासून वाचवतं ते खरं म्हणजे वरचं तेल, आणि आपल्याकडे तेल म्हणजे काळ्या मातीच्या धुळीला आमंत्रण. इंजिनच्या आत ठीक, बिजागरीला तेल-धुळीचा चिखल होतो आणि बसणाऱ्याच्या पँटला लागतो.

राहिलं झिंक प्लेटिंग, म्हणजे विजेने चढवलेला जस्ताचा पातळ थर. त्याची गंमत ही की ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, रंगाला हे जमत नाही. म्हणून पाना कितीही वेळा लागू दे, कोपरे टिकतात, निदान माझ्या गाडीवर तरी टिकलेत. जस्तावर शेवटी रसायनाचा एक हात देतात, त्याला पॅसिव्हेशन म्हणतात; ते पांढरं घेतलं तर उघड्या लोखंडाच्या जवळचा रंग येतो, पिवळं थोडं झगमगतं, ज्याची त्याची आवड.

त्रास आहेच. खड्डे झाकले जात नाहीत, जसा पार्ट द्याल तसाच चकचकीत होऊन येतो, म्हणजे आधीची घासाई चोख पाहिजे. नाशिकला अंबड-सातपूरकडे प्लेटिंगवाले भरपूर, पण कारखान्यांची कामं घेणाऱ्याला आपली पिशवीभर वस्तू म्हणजे कटकट वाटते. त्यात बारका माल बॅरलमध्ये फिरवतात, दुसऱ्याच्या मालात मिसळला तर शोधत बसा. देण्याआधी सगळं चादरीवर मांडून फोटो काढा, आणि लहान पार्ट तांब्याच्या तारेत ओवून द्या.

डोक्यावर १०.९ किंवा १२.९ लिहिलेले (हा ताकदीचा ग्रेड, आकडा मोठा तसा बोल्ट कडक) बोल्ट आणि स्प्रिंगा त्या पिशवीत टाकू नका. अ‍ॅसिड आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन कडक स्टीलमध्ये शिरतो आणि कसल्यानंतर बोल्ट अचानक तुटू शकतो. लगेच भट्टीत २०० डिग्रीच्या आसपास काही तास भाजलं तर धोका कमी होतो, पण आपल्या पिशवीसाठी ते कोण करणार. असे बोल्ट मी नवेच घेतो, स्प्रिंगांना तेल.

स्टेनलेस? दिसतं छान, पण बाजारात मिळणारे ए२-७० ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट साध्या ८.८ ग्रेडच्या स्टील बोल्टपेक्षा कमी ताकदीचे, नंबर प्लेटला लावा, सस्पेन्शनला नको.

तुमची गाडी वर्षातून दोनदाच निघणार असेल आणि दारं खोललीच नसतील तर स्प्रेवर भागेल बहुतेक. दारं खोलली असतील तर मात्र बिजागऱ्यांचे बोल्ट तरी झिंकला पाठवा, फट जुळवायला घ्यायच्या आधी.