सॉनी रॉलिन्स: आधी 'वे आउट वेस्ट' की 'व्हिलेज व्हॅनगार्ड'?

पियानो नसलेला सॅक्सोफोन ट्रिओ (सॅक्स, बेस आणि ड्रम्स, तिघंच) ऐकायचाय म्हटलं की जाणकार मंडळी जॅझ सॅक्सोफोनवादक रॉलिन्सचे दोन अल्बम पुढे करतात, दोन्ही 1957 चे. मार्चमधला 'वे आउट वेस्ट' आणि नोव्हेंबरमधला 'अ नाइट अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड'. ('फ्रीडम सूट' पण आहे 1958 चा, पण तो नंतर, घाई नको.) दोन्ही ऐकाच, पण आधी कुठला यावर माझं मत सांगतो, कानाची सवय समजा आणि सोडून द्या.

ऐकायला सोपा वे आउट वेस्ट, यात वादच नाही. लॉस एंजेलिसला पहाटे 3 वाजता सेशन सुरू केलेलं, कारण त्याशिवाय रे ब्राउन (बेस) आणि शेली मॅन (ड्रम्स) यांच्या तारखा जुळत नव्हत्या, आणि तरी वाजवण्यात कुठे पेंग नाही. पहिल्याच ट्यूनला मॅन घोड्याच्या टापा वाजवतो, टकटक टकटक, आणि त्यावर रॉलिन्स इतक्या आरामात, जरा चेष्टेच्या सुरात शिरतो की जॅझ म्हणजे काहीतरी अवघड हा समज तिथेच गळून पडतो. कव्हर तर बघाच, वाळवंटात काउबॉय हॅट, कमरेला होल्स्टर आणि हातात सॅक्स. 'सॉलिट्यूड' पण सुरेख वाजवलंय.

पण माझं घोडं अडलं ते स्टिरिओपाशी. सॅक्स सगळा एका बाजूला, बेस आणि ड्रम्स दुसऱ्या बाजूला. मोठ्या खोलीत स्पीकरवर हे झकास वाटतं, रे ब्राउन समोर उभा आहे असं वाटतं, मान्य. पण मी ऐकतो रात्री घरचे झोपल्यावर हेडफोनवर, नाहीतर प्रवासात एका कानात इअरबड घालून, आणि तेव्हा एकतर रॉलिन्स गायब किंवा बाकीचे दोघं गायब. दोन्ही कानांत घातलं तरी डाव्या-उजव्या मेंदूची वाटणी झाल्यासारखं होतं. फोनमधे मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत सगळं सारखंच) सुरू करून पाहिलं, त्रास गेला पण मजाही गेली. पियानो नाही म्हणजे मधे मोकळी जागा आहे आणि ती जागा तिघं मिळून कशी वापरतात तेच तर ऐकायचंय ना, मग तिघं एकत्र ऐकूच आले नाहीत तर काय उपयोग?

व्हॅनगार्ड मुळात मोनोच, साउंड इंजिनिअर रुडी व्हॅन गेल्डरने न्यूयॉर्कच्या त्या तळघरातल्या क्लबमधे जाऊन रेकॉर्ड केलेला. सगळे एका ठिकाणी, एकमेकांच्या अंगावर. दुपारच्या कार्यक्रमात बेसवर डॉनल्ड बेली आणि ड्रम्सवर पीट लारोका, रात्रीच्या कार्यक्रमात बेसवर विल्बर वेअर आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स, आणि खरी गंमत रात्रीची. 'सनीमून फॉर टू' लावा, साधा 12 बारचा ब्लूज (12 मापांचं चक्र, पुन्हा पुन्हा फिरणारं), तीच ती उतरती ओळ, रॉलिन्स ती मोडतो, अर्धी सोडतो, मधेच थांबतो, आणि त्या थांबलेल्या जागेत एल्विन असा काही घुसतो की पुढचं वाक्य रॉलिन्सला त्याला विचारूनच बोलावं लागतं. हे आपल्या बैठकीत ऐकलेलं असतं, त्यामुळे मराठी कानाला फार परकं वाटू नये असं मला वाटतं. तसंही रॉलिन्स पुढे 60 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिलेला माणूस, पण त्याचा या रेकॉर्डशी संबंध नाही, उगाच सांगितलं.

तोटे आहेत. रॉलिन्स इथे रांगडा वाजवतो, चुकारपणे कुठेही वळतो, पहिल्यांदा ऐकताना मूळ चाल हातातून निसटते. आणि आता जी मोठी आवृत्ती मिळते त्यात काही ट्यून दोन-दोनदा येतात, तेव्हा सलग सगळं ऐकायच्या भानगडीत पडू नका. मूळ एलपीवर सहाच ट्यून होत्या, त्यांची प्लेलिस्ट करा: ओल्ड डेव्हिल मून, सॉफ्टली, स्ट्रायव्हर्स रो, सनीमून, नाइट इन ट्युनिशिया (दुपारचं), आय कान्ट गेट स्टार्टेड.

घरी नीट लावलेले स्पीकर असतील आणि आवाज मोठा करायची मुभा असेल तर वे आउट वेस्टने सुरुवात केलीत तरी काही बिघडणार नाही. हेडफोनवाल्यांनी मात्र सरळ व्हॅनगार्डच घ्यावा, आणि पहिल्या दिवशी फक्त सनीमून.