फ्री फॉल की उघडलेलं पॅराशूट?

विमानातून 13,000 फुटांवरून टँडम उडी, म्हणजे पाठीशी प्रशिक्षक बांधलेली उडी, घेतली की दोन वेगळी सुखं मिळतात. फ्री फॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी नुसतं पडताना, वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास, तोही जेमतेम मिनिटभर. जत्रेतल्या पाळण्यासारखा पोटात गोळा येईल असं वाटतं, पण सहसा येत नाही. कारण उडी मारताना विमानाचा वेग अंगात असतोच. कानांत नुसता वारा, विचाराला जागाच नाही. (पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी 2018 साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून हा वारा अंगावर घेतला!)

साधारण 5,000 फुटांवर पॅराशूट उघडतं आणि एकदम सगळं निवांत. मागच्या प्रशिक्षकाशी साध्या आवाजात बोलता येतं. खाली शेतांची गोधडी पसरलेली, पाय अधांतरी, आणि घाई कसलीच नाही. आनंद वरच्या मिनिटात जास्त असेल. मला मात्र ही पाच-सहा मिनिटंच हवीत.