लेझीगिट: आठ महिने रोज वापरल्यानंतर

लेझीगिट म्हणजे गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) टर्मिनलमध्येच, पॅनल आणि कळांच्या मदतीनं चालवायचं टूल. ते घेतलं एकाच कामासाठी. एका फाइलमध्ये दोन वेगळ्या कामांचे बदल झाले की ते दोन कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या दोन वेगळ्या नोंदींमध्ये, नीट वाटायचे. कमिटसाठी बदल निवडणाऱ्या ‘गिट ॲड’ला पॅच मोड आहे, पण तो एकेक तुकडा दाखवून हो-नाही विचारत जातो. लागून असलेल्या ओळी वेगळ्या करायच्या तर पॅच हातानं एडिट करावा लागतो. मी बरेचदा कंटाळून सगळं एकाच कमिटमध्ये टाकायचे आणि मेसेजमध्ये ‘आणि’ लिहायचे.

लेझीगिटमध्ये फाइलवर एंटर मारलं की डिफ, म्हणजे काय बदललं ते, उघडतो. हवी ती ओळ किंवा तुकडा निवडून स्पेस दाबलं की तेवढंच स्टेज होतं, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडलं जातं. एकेक ओळ की अख्खा तुकडा, हे ‘ए’नं बदलता येतं. मधल्याच चार ओळी हव्या असतील तर ‘व्ही’ दाबून निवडायच्या. एवढ्या एका सोयीनं माझे कमिट लहान झाले, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला ते वाचता येऊ लागले.

दुसरं सुख रिबेसचं, म्हणजे जुने कमिट मागे जाऊन बदलण्याचं. रिव्ह्यूमध्ये तीन कमिट मागची चूक निघाली, तर पूर्वी दुरुस्तीचा वेगळा ‘फिक्सअप’ कमिट करून मग तो जुन्यात मिसळायला ऑटोस्क्वॉश चालवायचे. आता दुरुस्ती स्टेज करते, कमिट्सच्या पॅनलमध्ये तो जुना कमिट गाठते आणि कॅपिटल ‘ए’ दाबते, की दुरुस्ती त्यातच जाते. कंट्रोलसोबत ‘जे’ किंवा ‘के’ दाबलं की कमिट खाली-वर सरकतो. नंतर पुश करताना (रिमोटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक प्रतीवर पाठवताना) फोर्स पुश करायचा का, म्हणजे तिथली जुनी नोंद बदलायची का, हे ते आधी विचारतं, आणि करतं तेही ‘फोर्स-विथ-लीज’नं. रिमोटवरची माहिती शेवटची आणल्यानंतर तिथे दुसऱ्या कुणाचं काम येऊन पडलं असेल तर ते पुसलं जात नाही.

एक गोष्ट मात्र वापरण्याआधी माहीत हवीच. ‘झेड’ म्हणजे अनडू, पण ते रिफ्लॉगवर, म्हणजे गिट ठेवतं त्या हालचालींच्या नोंदीवर, चालतं. कमिट आणि ब्रँचपुरतं. कमिट न केलेलं काम डिस्कार्ड केलं, म्हणजे टाकून दिलं, तर ‘झेड’ ते परत आणत नाही. दुसऱ्याच महिन्यात माझं दुपारभराचं टेस्टचं काम असं गेलं. मेनू समोर आला होता, मी न वाचता एंटर दाबलं. आता शंका असली की आधी स्टॅश करते, म्हणजे बदल तात्पुरते बाजूला ठेवते.

यातच अक्षरांचा घोळही येतो. ‘एस’ फाइल्समध्ये स्टॅश करतं आणि कमिट्समध्ये स्क्वॉश (कमिट आधीच्या कमिटमध्ये मिसळणं). ‘डी’ एका पॅनलमध्ये बदल टाकून देतं, तर दुसऱ्यात अख्खा कमिट. कर्सर कुठल्या पॅनलमध्ये आहे हे बघायची सवय लागायला मला महिना लागला. प्रश्नचिन्ह दाबलं की त्या पॅनलच्या कळांची यादी येते, ती सुरुवातीला सतत उघडावी.

मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन ब्रँच एकत्र करताना एकाच जागच्या बदलांची टक्कर, मी अजून एडिटरमध्येच सोडवते. इकडची बाजू की तिकडची, एवढीच निवड असेल तर इथे पटकन होतं. पण दोन्हींतलं थोडं थोडं घेऊन नवी ओळ लिहायची असेल तर एडिटरच बरा.

लेझीगिट गो भाषेत लिहिलेलं आहे आणि एकाच बायनरीत (थेट चालणाऱ्या फाइलमध्ये) येतं, त्यामुळे एसएसएचनं, म्हणजे दुरून टर्मिनलवरून, गाठलेल्या सर्व्हरवरही टाकता येतं. टीममध्ये कुणी नवीन आलं की मी आधी दोन आठवडे साधं गिट वापरायला सांगते. मग लेझीगिट, पण कमांड लॉग उघडा ठेवून. कुठल्या कळेमागे गिटची कोणती कमांड चालली, ते तिथे दर वेळी दिसतं.