वापरलेली रिग, १७०ची कॅनोपी: एका हंगामानंतरचं मत

स्कायडायव्हिंगचे विद्यार्थी असताना ड्रॉप झोनची (जिथे उड्या मारतात त्या मैदानाची) रिग, म्हणजे पट्टे, पाठीवरची पिशवी आणि आतली पॅराशूट असा अख्खा संच, पाठीवर चढवायची आणि विमानात जाऊन बसायचं. परवाना हातात आला की स्वतःची रिग घ्यायची वेळ येते आणि भेटेल तो सल्ला देऊ लागतो. मी १७० चौरस फुटांच्या कॅनोपीची (कॅनोपी म्हणजे उघडलेल्या पॅराशूटचं कापड) वापरलेली रिग घेतली आणि अख्खा हंगाम तिच्यावरच उड्या मारल्या. त्यातून जे पटलं ते लिहितेय. माझ्यासारख्या, म्हणजे वजनाने हलक्या आणि अजून शिकत असलेल्या जंपरला त्याचा जास्त उपयोग होईल.

बहुतेक जण आधी मुख्य कॅनोपी बघतात, तिचे रंग बघतात आणि मग तिला बसेल असा कंटेनर, म्हणजे पाठीवरची पिशवी, शोधतात. माझा क्रम उलटा होता. आधी हार्नेस (अंगावरचे पट्टे) अंगाला बसतोय का, मग रिझर्व्ह (मुख्य बिघडली तर उघडायची राखीव कॅनोपी) किती मोठी आहे, आणि सगळ्यात शेवटी मुख्य कॅनोपी. कॅनोपी विकून दुसरी घेता येते, पण कंटेनर ठरावीक मापासाठीच शिवलेला असतो आणि त्यात फार तर एखादं माप खाली-वर चालतं. त्यात मोठी कॅनोपी कोंबली तर कंटेनर बंद ठेवणाऱ्या क्लोजिंग लूपवर नको तेवढा ताण येतो. छोटी टाकली तर लूप ढिला पडतो, त्यातली पिन सैल बसते आणि कंटेनर नको त्या क्षणी उघडण्याचा धोका राहतो.

‘पुढे १३५वर जायचंच आहे, तर आत्ताच छोटा कंटेनर घेऊन ठेव’ हे मला किती जणांनी सांगितलं असेल! सांगणारे सगळे माझ्या भल्यासाठीच सांगत होते, तरी हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. छोटा कंटेनर घेऊन ठेवला की छोटी कॅनोपी घ्यायची घाई आपोआप होते. म्हणून आज जी कॅनोपी उडवतो ती नीट बसेल आणि पुढे फक्त एक माप खाली जाता येईल, असाच कंटेनर घ्यावा. माझ्या कंटेनरमध्ये आत्ता १७० आहे, उद्या १५० बसेल. तेवढं पुरे.

हार्नेसचं माप उभं राहून कळत नाही. रिगरने (पॅराशूट तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाने) मला हार्नेस घालून छताला लटकवलं तेव्हा कळलं. खांद्यापासून कमरेपर्यंत येणारा मुख्य पट्टा लांब असेल तर लटकल्यावर छातीचा पट्टा गळ्याकडे सरकतो, मुख्य कॅनोपी जोडणाऱ्या तीन कड्या कानाजवळ येतात आणि हँडल जिथे असायला हवीत तिथे राहत नाहीत. माझी उंची कमी, त्यामुळे पुरुषांच्या मापाच्या निम्म्याअधिक रिग तिथेच बाद झाल्या. लटकलेल्या अवस्थेतच हेल्मेट घालून मान खाली करायची आणि कटअवे (बिघडलेली मुख्य कॅनोपी सोडून देणं) व रिझर्व्हची अशी दोन्ही हँडल दिसतात का ते बघायचं. दिसत नसतील तर ती रिग कितीही चांगली असो, माझ्या कामाची नाही.

मी पहिल्यांदा बघितलेल्या रिगच्या जाहिरातीत ‘फार कमी वापरलेली’ असं लिहिलं होतं. रिगरने ती उघडून टेबलावर पसरली. पायलट शूटच्या (मुख्य कॅनोपी बाहेर खेचणाऱ्या छोट्या पॅराशूटच्या) जाळीला टोकाजवळ फाट होती. ब्रिडलमधली (ते कॅनोपीला जोडणाऱ्या पट्टीतली) किल लाइन, म्हणजे ते नंतर मिटवणारी दोरी, आखडलेली होती, त्यामुळे पायलट शूट पूर्ण फुगलंच नसतं. एएडीचं (ठरावीक उंचीवर रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राचं) आयुष्य संपत आलं होतं. पट्ट्यांचा रंग उन्हाने उडाला होता, आणि नायलॉनला ऊन किती खातं हे रिगरकडून ऐकल्यावर मी पुढे काहीच विचारलं नाही. वापरलेली रिग तुमच्या ओळखीच्या रिगरने उघडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारा तपासणीला नाही म्हणत असेल तर विषय तिथेच संपवा.

आता मापाचा मुद्दा, ज्यावर मी सगळ्यात जास्त वाद घातलाय. विंग लोडिंग म्हणजे सगळ्या सामानासकट आपलं वजन पाउंडात घ्यायचं आणि कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागायचं. माझं वजन ६२ किलो, रिग आणि बाकी सामान ११ किलो, म्हणजे साधारण १६१ पाउंड. १७०वर हा आकडा ०.९५ येतो, १५०वर १.०७ आणि १३५वर १.१९. यावरून मला सांगितलं जातं की १.१९ काही फार नाही, अमका तर १.२वर उडतो. तो अमका ९० किलोचा आहे आणि १९०ची कॅनोपी उडवतो. लोडिंग तेवढंच असलं तरी छोट्या कॅनोपीच्या लाइन (दोऱ्या) आखूड असतात. त्यामुळे टॉगल (वळायला आणि ब्रेक लावायला ओढायचं हँडल) ओढलं की ती जास्त झटकन वळते आणि वळणात उंचीही पटकन घालवते. हलक्या माणसाने नुसत्या आकड्यावर जाऊ नये, चौरस फूटही बघावेत. मोठ्या कॅनोपीचा तोटाही आहे. वारा चढला की १७०वर मी पुढे सरकतच नाही, जागच्या जागी तरंगते. अशा दिवशी बाकीचे वर जातात आणि मी खाली पॅकिंग करते. हा तोटा मला चालतो.

कॅनोपी निवडताना स्पेक्टर आणि सेबर २ या दोन्ही भाड्याने उडवून बघितल्या. दोन्ही परफॉर्मन्स डिझाइन्सच्या. स्पेक्टर सात सेलची (सेल म्हणजे हवा भरणारे कप्पे), अलगद उघडते आणि जरा तीव्र उताराने खाली येते. सेबर २ नऊ सेलची, किंचित लंबगोल, झिरो पोरॉसिटी, म्हणजे हवा आरपार न जाऊ देणाऱ्या कापडाची. तिचा ग्लाइड लांब आहे, त्यामुळे विमानातून लांब सोडलं तरी परत मैदानात यायची आशा राहते. फ्लेअर (उतरताना शेवटी दोन्ही टॉगल ओढून वेग मारणं) तर मला फारच आवडला. टॉगल छातीपर्यंत आणलं की कॅनोपी सपाट होते, उरलेला भाग ओढला की थांबते आणि पाय सावकाश टेकतात. हे दोन टप्पे हाताला इतके स्पष्ट कळतात की शिकणाऱ्याला दुसऱ्या शिक्षकाची गरज कमीच पडते. उघडताना मात्र तिला लाड लागतात. पॅकिंग करताना स्लायडर (लाइनवरून खाली सरकत उघडणं सावकाश करणारा कापडी चौकोन) चारही बाजूंनी नीट पसरून वरपर्यंत लावा, पुढची टोकं सारखी ठेवा आणि उघडत असताना खांदे तिरके करू नका. कापड गुळगुळीत असल्यामुळे पहिले काही आठवडे पॅकिंग म्हणजे ओला मासा पिशवीत भरण्यासारखं होतं. नंतर हाताला सवय होते.

लाइनकडे नवे जंपर लक्ष देत नाहीत. माझ्या कॅनोपीच्या लाइन स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याच्या आहेत. स्लायडर खाली येताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने स्पेक्ट्रा आखडतो, आणि बाहेरच्या लाइन व ब्रेक लाइन जास्त आखडतात. मग कॅनोपीची मागची कड सतत जराशी ओढलेली राहते, वेग कमी होतो आणि फ्लेअरमधला जोर जातो. बदल इतका हळूहळू होतो की उडवणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी रिग घेतली तेव्हा रिगरने लाइन मोजून बदलायलाच सांगितल्या, आणि त्या बदलल्यावर कॅनोपी दुसरीच वाटली. डॅक्रॉन हा दुसरा धागा आखडत नाही आणि उघडतानाचा झटकाही सौम्य करतो, पण जाड असल्यामुळे जागा जास्त खातो.

रिझर्व्ह मी १६०ची घेतली. सल्ला देणारे इथेही म्हणाले की १४३ चालेल, कंटेनर छोटा दिसेल. पण एएडीने रिझर्व्ह उघडली असेल तर त्या वेळी मी बेशुद्ध असू शकते. म्हणजे फ्लेअर न करता, जिथे पडेल तिथे उतरायचं. त्या लँडिंगचा विचार करून रिझर्व्हचं माप ठरवा.

माझ्या रिगमध्ये सायप्रेस २ हे एएडी आहे. पहिलं सायप्रेस १९९१मध्ये जर्मनीच्या एअरटेकने आणलं. एक्स्पर्ट मोडमध्ये ते साधारण २२५ मीटर उंचीवर, वेग सेकंदाला ३५ मीटरहून जास्त असेल तर रिझर्व्हचा लूप कापतं. आता याचा अर्थ नीट समजून घ्या. मुख्य कॅनोपी अर्धवट उघडून तुम्ही त्याहून कमी वेगाने गरगरत खाली येत असाल तर ते कापणार नाही. तिथे हँडल तुम्हालाच ओढायचंय. ते जमिनीवर सुरू करायचं म्हणजे तिथला हवेचा दाब ते शून्य धरतं. वेगळ्या उंचीच्या जागी उतरून परत आलात तर बंद करून पुन्हा सुरू करा. वापरलेलं घेताना बनवल्याची तारीख आधी वाचा.

कटअवेसाठी लागणारी तीन कड्यांची रचना बिल बूथ यांची, १९७०च्या दशकातली. मोठ्या कडीतून मधली, मधलीतून छोटी, छोटीवर एक पांढरा लूप आणि त्या लूपमधून पिवळी केबल. आख्ख्या माणसाचं वजन पेलणारी जोडणी शेवटी त्या बारक्या लूपवर इतका कमी ताण ठेवते की केबल हाताने सहज ओढली जाते. महिन्यातून एकदा मी ती सोडवते, पट्टे इकडेतिकडे वाकवून मऊ करते, केबल पुसते. दहा मिनिटांचं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं. आरएसएल (कटअवे केल्यावर रिझर्व्ह लगेच उघडणारी दोरी) मी काढलेली नाही आणि काढणारही नाही.

बाकीच्या वस्तूंवर फार लिहायची गरज नाही. मनगटावर काट्याचा अल्टिमीटर (उंचीमापक) चांगला, कारण नुसती नजर टाकली तरी काटा कुठे आहे ते कळतं, आकडा वाचावा लागत नाही. कानाजवळ ऑप्टिमा २ हे ठरवलेल्या उंचीवर वाजणारं यंत्र आहे, ५५००, ४००० आणि २५०० फुटांवर वाजतं. ते वाजेल म्हणून मी कधी थांबत नाही, त्याआधीच मनगटाकडे बघते. हेल्मेट कुकी जी४, पूर्ण चेहऱ्याचं, नजर मोकळी राहते. विमान वर चढत असताना काच उघडी ठेवली की वाफ धरत नाही. जंपसूट अंगाबरोबरचा घेतला, कारण हलकं माणूस ढगळ सूटमध्ये गटाच्या वरच राहतं.

१५०बद्दल रोज विचारणा होते. इन्स्ट्रक्टरने १७०वर करायची यादी दिलीय: ठरवलेल्या दहा मीटरच्या वर्तुळात उतरणं, आडव्या वाऱ्यात उतरणं, उंची न घालवता सपाट वळण घेणं, फ्लेअर करता करता वळणं, चढावर उतरणं. पहिल्या तीन जमल्यात. शेवटच्या दोन बाकी आहेत, त्या झाल्या की १५० भाड्याने घेऊन बघेन.