बॅटरी ८० वर अडवली, आता आठ महिने झाले

माझा लॅपटॉप दिवसाचे नऊ-दहा तास टेबलावरच असतो, चार्जर लावलेला. आधीच्या लॅपटॉपची बॅटरी अशीच कायम १०० टक्क्यांवर राहून फुगली. टचपॅड वर उचलला गेला तेव्हा कळलं. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि वर गरमही राहिली, की लवकर म्हातारी होते. म्हणून या वेळी पहिल्याच आठवड्यात डेबियनवर (ही एक लिनक्स प्रणाली) चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घातली.

घालणं सोपं आहे. बॅटरीच्या फोल्डरात कर्नल (लिनक्सचा गाभा) 'चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड' नावाची फाइल दाखवतं, तिच्यात ८० लिहायचं. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून इको (मजकूर छापणारी कमांड) केलं तर 'परमिशन डिनाइड' आलं, कारण सुडो इकोपुरताच. फाइलमध्ये लिहिणारा पुढचा बाण (>) आपलं साधं शेलच, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, त्या अधिकारांशिवाय चालवतं. मग सुडो लावून 'टी' कमांडमधून लिहिलं (ती फाइलमध्ये स्वतःच लिहिते), झालं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू केला तर बॅटरी निवांत ९४ वर!

ती फाइल डिस्कवर नसतेच. ती कर्नलने उघडलेली खिडकी आहे, आणि आकडा लक्षात ठेवायचा की नाही हे लॅपटॉपमधल्या, चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलर चिपवर. मित्राच्या जुन्या थिंकपॅडला एकदा सांगितलं की पुरे. माझ्या लॅपटॉपला (कंपनीचं नाव राहू दे) रोज सांगावं लागतं.

मग सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) छोटी 'वनशॉट', म्हणजे एकदा चालून संपणारी, सर्व्हिस लिहिली, बूट होताना ८० लिहिणारी. चार दिवस चालली, पाचव्या दिवशी फेल. लॉग पाहिला तर सर्व्हिस आधी पोचली होती आणि ती फाइल बनवणारा ड्रायव्हर नंतर लोड झाला होता. 'रीस्टार्ट ऑन फेल्युअर' (फसली तर पुन्हा चालव) आणि पाच सेकंदांची थांब घातल्यावर ती कटकट मिटली.

खरा वेळ खाल्ला तो हायबरनेटने (चालू काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद होणं). उठल्यावर मर्यादा पुन्हा गायब. सर्व्हिस सस्पेंड आणि हायबरनेट या टार्गेटना (सिस्टमडीचे टप्पे) जोडली, 'आफ्टर'मध्येही (कशानंतर चालायचं ते) तीच नावं दिली, तरी काही नाही. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर दिसलं: कुठूनतरी उचललेल्या नमुन्यात 'रिमेन आफ्टर एक्झिट' यस होतं. त्यामुळे सिस्टमडीच्या लेखी सर्व्हिस चालूच, मग ती पुन्हा कशाला चालवेल? ती एक ओळ काढली आणि त्यानंतर आजवर हात लावलेला नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर टीएलपी हे वीजबचतीचं टूल घ्या, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये हाच आकडा देता येतो. मला बाकीची वीजबचत नको होती म्हणून मी घेतलं नाही. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या ४८ व्या आवृत्तीपासून तर पॉवर सेटिंगमध्येच बॅटरी जपण्याचा पर्याय आलाय, अर्थात लॅपटॉपला जमत असेल तर.

तोटा एकच, प्रवासाआधी १०० करायला विसरायला होतं. चिपळूणला जाताना एसटीत घाट चढायच्या आतच लॅपटॉपने मान टाकली. आता १०० करण्यासाठी वेगळा एलियस (कमांडचं छोटं टोपणनाव) आहे. रीबूट झाला की आपोआप ८० वर येतं, तेही बरंच.

पूर्ण क्षमतेचा आकडा आठ महिन्यांत ५०.१ वरून ४९.४ वॉट-तासांवर आलाय. हा आकडाही कंट्रोलरचा अंदाजच, आणि मर्यादा नसती तर किती उतरला असता हे पाहायला माझ्याकडे असाच दुसरा लॅपटॉप नाही.