काडतुसात चिकटून बसलेली गोळी काढायचा हातोडा, टेक्सासमधे वापरला, फोंड्यात बसून लिहितोय

आधी खुलासा, नाहीतर लोक विचारतील. मी काही नेमबाज नाही. आयुष्य वास्कोला यार्डात फिटर म्हणून गेलं, आता रिटायर, घर फोंड्याला. गेल्या वर्षी बायकोबरोबर तिच्या भावाकडे ह्यूस्टनजवळ तीन महिने राहून आलो. मेव्हण्याला रायफलचा नाद आहे आणि तो स्वतःची काडतुसं स्वतः भरतो, तिथे ते चालतं, गॅरेजमधे टेबलाला प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं हातदांड्याचं यंत्र, ठोकलेला असतो. आपल्याकडे दारूगोळा बनवायला १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली लायसन लागतं, त्यामुळे हे वाचून इथे कोणी घरात प्रयोग करू नका. ज्यांची पोरं, भाऊ तिकडे आहेत आणि हा नाद आहे त्यांच्यासाठी लिहितोय. आणि गावाकडे सत्तरी-सांग्यात शेतराखणीच्या बंदुका आहेत, निवडणूक आली की पोलिस स्टेशनात जमा करायच्या त्या, त्यांच्यासाठी तर हा हातोडा नाहीच, बारा बोरच्या काडतुसात छर्रे असतात, एक गोळी घट्ट बसलेली नसते.

तर झालं असं की मेव्हण्याने एका रविवारी पॉइंट ३०८ विंचेस्टरची शंभर काडतुसं भरली आणि शेवटी लक्षात आलं की डिजिटल काटा एसीच्या झोताखाली ठेवलाय आणि आकडा आपोआप हलतोय. म्हणजे कुठल्या पुंगळीत, काडतुसाच्या पितळी नळीत, किती दारू गेली याचा भरवसा नाही. जास्त दारू म्हणजे रायफल फुटायची भीती, तिथे चान्स घेत नाहीत. सगळी खोलायची. त्याने कपाटातून एक प्लास्टिकचा हातोडा काढला आणि माझ्या हातात दिला, म्हणाला, "भावजी, हे तुमचंच काम."

हातोडा कसला, डोकं आतून पोकळ. मागच्या बाजूला फिरवून बसणारं झाकण, त्यात तीन तुकड्यांचं कॉलेट, म्हणजे आवळून धरणारी कडी, ते एका ओ-रिंगने, रबराच्या गोल वायसरने, एकत्र धरलेलं. काडतूस त्यात अडकवायचं म्हणजे पुंगळीच्या बुडाची कड पकडली जाते आणि गोळीचं टोक पोकळीत लोंबतं. मग हातोडा समोरच्या तोंडाने जोरात आपटायचा. हातोडा थांबतो, पुंगळी थांबते, गोळी थांबत नाही, ती आपल्या वजनाने पुढे सरकते. बस एवढंच. बस ड्रायव्हरने ब्रेक मारला की उभी माणसं पुढे जातात तेच.

वजनाचा मुद्दा इथे सगळ्यात महत्त्वाचा आणि तो मला सोनाराच्या भाषेत कळला. गोळीचं वजन ते ग्रेनमधे सांगतात आणि १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. मेव्हण्याच्या ३०८ मधे १६८ ग्रेनच्या गोळ्या, म्हणजे तोळ्याला थोडी कमी, त्या दोन-तीन ठोक्यात "टक्" करून सुटायच्या. पण त्याच्याच पॉइंट २२३ च्या ५५ ग्रेनच्या गोळ्या, पाव तोळ्याहून जराशा जड, त्यांना दहा-बारा ठोके, कधी पंधरा. गोळी हलकी म्हणजे पुढे जायचा जोर कमी, पुंगळीची मान मात्र तशीच घट्ट. हे बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नाही, दोन-तीन ठोके एवढंच लिहिलंय, आणि माणूस हलक्या गोळीवर पाच ठोके मारून वैतागतो की आपलं काय चुकतंय.

कशावर आपटायचं यावर आमचं थोडं वाजलं. मेव्हणा गॅरेजच्या सिमेंटच्या जमिनीवर आपटत होता. ठोका छान बसतो पण प्लास्टिकचं तोंड झिजतं, पांढरे व्रण पडतात. मी बाहेरून ओकच्या जळणाचा ओंडका आणला आणि उभा ठेवला, म्हणजे कापलेली बाजू वर. आडव्या लाकडावर ठोका मरतो, उभ्यावर नाही. आपल्याकडे असतो तर जुन्या फणसाचा बुंधा शोधला असता. पण खरं सांगायचं तर सिमेंटवरच दोन ठोके कमी लागायचे, एवढं मान्य करतो.

आता खरी डोकेदुखी. शंभर झाली, मग मेव्हण्याला हुरूप आला आणि त्याने जुन्या लष्करी ७.६२ बाय ५१ मापाच्या काडतुसांची एक पेटी काढली, त्यातल्या गोळ्या त्याला हव्या होत्या. पहिलं काडतूस. दहा ठोके. काही नाही. वीस. काही नाही. गोळी जागची हलेना. बाहेर ह्यूस्टनचा तो दमटपणा, अगदी आपला मे महिना, घाम डोळ्यात, आणि सव्वीस की सत्ताविसाव्या ठोक्याला हातोड्याच्या डोक्याला, दांडा जिथे जोडलाय तिथे, केसाएवढी चीर गेली. ब्रँडचं नाव लिहीत नाही, आम्ही त्याच्यावर अत्याचार केला हेही तितकंच खरं, पण वीस-पंचवीस डॉलरची वस्तू जोडावर एवढी पातळ असू नये.

लष्करी काडतुसात दोन भानगडी असतात. एक तर पुंगळीची मान गोळीवर दाबून घट्ट केलेली असते. दुसरं म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून मानेत आतून डांबरासारखं काळं सीलंट लावतात. वर्षानुवर्षं पेटीत पडून ते असं धरतं की विचारू नका. साधी, घरी भरलेली काडतुसंसुद्धा बरीच वर्षं पडली की पितळ आणि गोळीचं तांब्याचं आवरण एकमेकाला धरून बसतात.

मी आयुष्यभर गंजलेले बोल्ट काढलेत. समुद्राच्या खाऱ्या हवेत बोल्ट जाम झाला की शिकाऊ पोरगा पाना उलटा लावून लटकतो आणि डोकं तोडतो. जुना फिटर काय करतो, आधी तो बोल्ट केसभर आवळतो. गंजाची पकड मोडली की मग उलटा फिरवतो. मी मेव्हण्याला म्हटलं, अरे हिला आधी आत ढकल. तो हसला. मग त्यानेच विचार केला आणि प्रेसवर गोळी बसवायचा डाय लावला, त्याचा मधला दांडा थोडा खाली घेतला, आणि काडतूस वर उचललं. गोळी पंधरा-वीस थाउ आत गेली असेल, म्हणजे अर्धा मिलिमीटर. आणि आवाज आला, कट्. सुक्या काटकीसारखा. सीलंट सुटलं. मग तेच काडतूस त्या चिरलेल्या हातोड्यात तिसऱ्या ठोक्याला मोकळं. गोळीच्या बुडाला काळी कड दिसत होती, नखाने खरवडली तर निघाली. मेव्हण्याने काडतूस बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन दोघांना चहा घेऊन आला. त्यानंतर पेटीतलं प्रत्येक आधी कट्, मग ठोका. नंतर कळलं की तिकडचे जुने लोक हे करतातच, म्हणजे शोध वगैरे माझा नाही.

त्याच्याकडे दुसरी वस्तू पण आहे, प्रेसवर बसणारा कॉलेट पुलर. यात ठोकणं नाही. काडतूस वर आलं की कॉलेट गोळीला बाहेरून आवळून धरतं, मग प्रेस खाली घ्यायचा, गोळी वर राहते, पुंगळी खाली येते, दारू पुंगळीतच. आपला बेअरिंग पुलरच म्हणा. रायफलच्या लांब गोळ्या असतील आणि शंभराच्या वर काढायच्या असतील तर हाच घ्या, हातोड्याने दुसऱ्या दिवशी माझा खांदा वर होत नव्हता. पण प्रत्येक कॅलिबरला, म्हणजे गोळीच्या जाडीच्या मापाला, वेगळं कॉलेट विकत घ्यावं लागतं, पिस्तुलाच्या आखूड गोल गोळ्यांना धरायला जागाच मिळत नाही, आणि नुसत्या शिशाच्या गोळीला तर ते चेपवून टाकतं. हातोडा गोळी कसलीही असो, चालतो. म्हणून गॅरेजमधे दोन्ही पडलेत.

हातोड्यात दारू आणि गोळी एकत्र पोकळीत पडतात, दर वेळी झाकण उघडून चहाच्या गाळणीतून ओतायचं, हे कंटाळवाणं. तळाशी स्पंजचा तुकडा टाका, गोळीचं टोक चेपत नाही. काढलेली दारू मेव्हण्याने परत वापरली ती फक्त स्वतः भरलेल्या शंभरातली, कारण डबा माहीत होता. लष्करी काडतुसातली त्याने हिरवळीवर विस्कटून टाकली, कुठली दारू ते कळत नाही तर ती वापरायची नाही, यावर तो कडक आहे. त्यात नायट्रोजन असतो म्हणून गवताला बरी म्हणे. बायको म्हणाली आपल्या अबोलीला घेऊन जाऊया का. मी म्हटलं, तू दाबोळीला पोलिसांना समजावून सांग. गंमत सोडा, निघायच्या आधी मी सगळे खिसे आणि बॅगेचे कप्पे उलटे करून बघितले, एखादं काडतूस चुकून राहिलं तर विमानतळावर सरळ केस होते.

एक गोष्ट गंमत नाही. पॉइंट २२ चं छोटं रिमफायर काडतूस या हातोड्यात कधीच घालायचं नाही, त्याचा भडका उडवणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो आणि हातोडा नेमकी तीच कड धरतो. बाकीच्यांचा प्रायमर, म्हणजे तोच मसाला भरलेली टोपी, बुडाच्या मधे असतो, तरी चष्मा लावायचाच. काही जण कॉलेटऐवजी प्रेसचा शेल होल्डर, म्हणजे काडतुसाचं बूड धरणारा तुकडा, त्यात बसवतात, पटकन होतं म्हणून, मेव्हणा करू देत नाही आणि मलाही ते पटलं.

हातोड्याला पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या चिरेसाठी आणि एक खांद्यासाठी कापला. कॉलेटवाल्याला चार. घेणार असाल तर ओ-रिंग जास्तीच्या दोन आणून ठेवा, आमची तिसऱ्या दिवशी उडून गॅरेजमधे कुठे गेली ती मी परत येईपर्यंत सापडली नव्हती, मेव्हण्याने नळाच्या किटमधली लावून काम चालवलं.